कूलर कुठे, खिडकी कुठे: घरात एकाला कोरोना झाला तर बाकीच्यांना कसं वाचवायचं

मे महिन्यात नागपुरात कोणाचाही घसा धरला की घरोघरी एकच निदान होतं: कूलर. "रात्रभर कूलरच्या तोंडाशी झोपला, मग घसा धरणारच ना," म्हणत आई हळदीचं दूध देते आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा ते निदान बरोबरही निघतं. जेव्हा चुकतं, तेव्हा मात्र ते दूध पिण्याच्या रात्रीच घरातल्या आणखी एक-दोघांचं काम होऊन गेलेलं असतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये काउंटरवर फॉर्म भरून घेताना एक गोष्ट रोज दिसायची. आज एका आडनावाचा एक माणूस स्वॅब देऊन जायचा आणि चार-पाच दिवसांनी त्याच पत्त्याचे चार फॉर्म एकदम यायचे. जानेवारी २०२२ मध्ये तेच पुन्हा झालं, पण मधलं अंतर दोन-तीन दिवसांवर आलं होतं. पहिल्याचा रिपोर्ट हाती पडायच्या आत दुसरा रांगेत उभा असायचा. पुढचं सगळं या घटलेल्या अंतराबद्दल आहे, कारण घरात करायच्या गोष्टी व्हेरियंटगणिक, म्हणजे विषाणूच्या बदललेल्या रूपागणिक, फारशा बदलत नाहीत. बदलतो तो त्या करायला मिळणारा वेळ.

आधी थोडं विषाणूबद्दल

विषाणू शरीरात शिरला की स्वतःच्या प्रती काढत सुटतो आणि प्रत काढताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादी त्याच्या फायद्याची निघते आणि तीच पुढे पसरते. विदर्भाला हे दुरून ऐकायची वेळ आली नाही. २०२१ च्या सुरुवातीला आपल्याच भागातल्या नमुन्यांत बी.१.६१७ हे कुळ सापडत होतं. १५ ते २१ मार्च २०२१ ला नागपुरात कडक लॉकडाऊन लागला आणि २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांमधल्या दोन बदलांची माहिती जाहीर केली. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं. त्याच कुळातल्या एका फांदीला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिलं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला पुढच्या व्हेरियंटला ओमिक्रॉन हे नाव मिळालं. त्याच्या काट्यांच्या प्रथिनात, म्हणजे स्पाइकमध्ये, तीसहून जास्त बदल होते. डिसेंबर २०२३ मधला जेएन.१ हा ओमिक्रॉनचाच वंशज.

घराच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ. सुरुवातीच्या विषाणूत तो सरासरी पाच-सहा दिवस होता, डेल्टात साधारण साडेचार आणि ओमिक्रॉनमध्ये साडेतीनच्या आसपास. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. नवे व्हेरियंट जुन्या प्रतिकारशक्तीला चकवतात, त्यामुळे "मला होऊन गेलाय" किंवा "माझे डोस झालेत" म्हणणारा माणूसही पुन्हा पेटायला तयार असतो. लस गंभीर आजारापासून चांगलं वाचवते. साध्या संसर्गापासून तिचं संरक्षण तितकं टिकत नाही.

घरातल्या एकाला झाल्यावर बाकीच्यांपैकी किती जणांना होतो, याचे जगभरातले अभ्यास २०२२ मध्ये एकत्र मांडले गेले. आकडे अल्फासाठी (डेल्टाच्या आधी पसरलेला व्हेरियंट) सुमारे ३६ टक्के, डेल्टासाठी ३० आणि ओमिक्रॉनसाठी ४३ असे निघाले. डेल्टाचा आकडा अल्फापेक्षा कमी पाहून गोंधळू नका, तोपर्यंत बऱ्याच देशांत लसी पोहोचल्या होत्या. मला यातली उलटी बाजू महत्त्वाची वाटते. ओमिक्रॉनमध्येसुद्धा घरातले निम्म्याहून जास्त लोक सरासरीने सुटले. "एकाला झालं म्हणजे सगळ्यांनाच होणार, मग कशाला धडपड बाप्पा," असं शेजारच्या काकू ज्या खात्रीने म्हणतात, तेवढी खात्री आकड्यांत नाही.

पहिली संध्याकाळ

माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून विषाणू सोडायला लागतो आणि लक्षणं सुरू होण्याच्या आसपास सगळ्यात जास्त सोडतो. म्हणजे घसा खवखवला, अंग मोडून आलं, ती संध्याकाळच सर्वांत महागाची. टेस्ट उद्या करता येईल, या गोष्टी आजच करा:

१. ज्याला वाटतंय त्याने मास्क लावावा, आणि त्याच्याजवळ जाणाऱ्यानेही.

२. आज रात्री त्याचं ताट वेगळ्या खोलीत किंवा गच्चीवर. एकत्र जेवताना सगळ्यांचे मास्क उतरलेले असतात, तोंडं समोरासमोर असतात आणि गप्पा चालू असतात. घरात याहून सोयीची जागा विषाणूला मिळत नाही.

३. झोपायची जागा रात्री दहाच्या आत ठरवा. आजी-आजोबा, गरोदर बाई, डायबेटिस किंवा दम्याचा पेशंट, केमो चालू असलेला माणूस यांना आधी हलवा. आजारी माणसाला हलवण्यापेक्षा कधीकधी आजीला हलवणं सोपं पडतं.

४. काल-परवा त्याच्याजवळ कोण बसलं होतं ते आठवा. त्यांनीही पुढचे काही दिवस आजीपासून लांब राहावं.

सकाळी घसा मोकळा झाला आणि खरंच कूलरच निघाला, तर नुकसान काय झालं? एक जेवण गच्चीवर झालं.

टेस्टबद्दल एवढंच की पहिल्या दिवशी रॅपिड निगेटिव्ह आली म्हणून सुटलो समजू नका. लक्षणं असतील तर २४ ते ४८ तासांनी पुन्हा करा. नाकात काडी घालायला लहान मुलं हातपाय झाडतात, आमच्यासारख्यांना ओरबाडे बसतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने २०२१ मध्ये काढली, पंधरा सेकंद गुळण्या आणि नळीत थुंकायचं. नमुना घेणाऱ्यांसाठी ती केवढी सोय होती ते आम्हालाच माहीत. आपल्याला नेमका कोणता व्हेरियंट झालाय हे मात्र घरबसल्या कळत नाही. जनुकीय तपासणी निवडक नमुन्यांचीच होते आणि ती उपचार ठरवायला नसते. त्या उत्तराची वाट पाहू नका.

उदबत्ती पेटवा

घरात हा आजार मुख्यतः हवेतून जातो. खोकला-शिंकेचे मोठे थेंब एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. बोलताना आणि नुसता श्वास सोडताना निघणारे बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगू शकतात. म्हणून आधी आपल्या घरात हवा कुठून येते आणि कुठून जाते ते बघून घ्या. त्याला देवघरातली एक उदबत्ती पुरते.

सगळे पंखे बंद करा. आजाऱ्याच्या खोलीचं दार दोन बोटं उघडं ठेवून त्या फटीशी, जमिनीपासून वीतभर वर, उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर उत्तम, खोलीतली हवा घरात येत नाही. धूर तुमच्या तोंडावर आला तर आजाऱ्याने सोडलेला श्वासही त्याच वाटेने येतोय. आता घरातला एकेक पंखा, कूलर, एक्झॉस्ट चालू करत जा आणि दर वेळी धूर बघा. पंधरा मिनिटांत घराचा नकाशा डोक्यात बसतो.

आमचं मानेवाड्याचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं आहे. समोर बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागे अंगण. कूलर बैठकीच्या खिडकीत. एप्रिल २०२१ मध्ये बाबा आजारी पडले तेव्हा त्यांना आराम मिळावा म्हणून आम्ही त्यांना बैठकीत, थेट कूलरसमोर झोपवलं. सहापैकी पाच जण आजारी पडलो. पुढे कधीतरी उदबत्ती धरून पाहिली तेव्हा धुराची रेघ बैठकीतून सरळ मधल्या खोलीत शिरली, आईच्या खाटेवरून गेली आणि स्वयंपाकघराच्या जाळीतून बाहेर पडली. आम्ही बाबांचा श्वास घरभर वाटत होतो, तोही वाळ्याचा सुगंध लावून.

खिडकीतला कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि तिला बाहेर जायला वाट लागते. दार उघडं नसेल तर चिपचिप होते, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. हाच गुण वापरायचा: कूलर निरोग्यांकडे, उघडी खिडकी आजाऱ्याकडे. कूलरची हवा आधी बाकीच्यांवरून जावी, मग आजाऱ्याच्या खोलीत शिरावी आणि त्याच्या खिडकीतून बाहेर पडावी. त्याचं दार थोडं उघडं राहिलं तरी चालतं, कारण वारा त्याच्याकडे वाहतोय. त्यालाही गारवा मिळतो. पुढच्या वेळी आम्ही आजाऱ्याची खाट स्वयंपाकघराशेजारच्या शेवटच्या कोपऱ्यात अंगणाकडच्या दाराशी टाकली, चूल तात्पुरती मधल्या खोलीत आणली, आणि सहापैकी दोघांवर भागलं. यात नशिबाचा वाटाही असेलच.

कूलर आजाऱ्याच्याच खोलीच्या खिडकीत असेल आणि दुसरी सोय नसेल, तर घराकडचं दार घट्ट बंद, खाली टॉवेल, आणि त्याच खोलीची दुसरी खिडकी किंवा गॅलरीचं दार उघडं.

काही फसगती माहीत असलेल्या बऱ्या. ट्रॉलीवर खोलीच्या आत ठेवलेला कूलर बाहेरची हवा आणत नाही, आतलीच ओली करून फिरवतो. स्प्लिट एसीही तीच हवा थंड करत बसतो. एसीशिवाय जमत नसेल तर खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि वाढीव बिल आजारपणाच्या खर्चात धरा. छताचा पंखा हवा ढवळतो, बाहेर काढत नाही. कूलरची पाठ आणि आजाऱ्याची खिडकी एकाच गॅलरीत उघडत असतील तर कूलर त्याचाच श्वास पुन्हा आत खेचेल. आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट! तो जोरात चालू आणि घरातल्या खिडक्या बंद असतील, तर आजाऱ्याच्या खोलीतली हवा दाराखालून थेट पोळ्या करणाऱ्या बाईकडे ओढली जाते. एक्झॉस्ट लावताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे त्याला हवा तिथूनच मिळेल.

आजाऱ्याच्या खिडकीत एक्झॉस्ट नसेल तर टेबल फॅनचं तोंड बाहेर करून खिडकीशी ठेवा. मारबतीच्या मिरवणुकीत आपण घसा ताणून "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडतो. उरलेल्या वर्षभरात ते काम हा पंखा करतो.

हिवाळा अवघड. कूलर झाकून ठेवलेले, खिडक्या बंद, सगळे एका खोलीत रजया घेऊन. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता, तशा रात्री कोणाला खिडकी उघडा म्हणायची माझी हिंमत नाही. आजाऱ्याला जास्तीचं पांघरूण द्या, फक्त त्याच्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवा आणि दुपारी ऊन असताना सगळं घर तासभर मोकळं करा. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवला तरी ताजी हवा येते.

घर एका खोलीचं असेल तर

वेगळ्या खोलीचा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा तशी खोली गृहीत धरलेली असते. एकाच खोलीत पाच जण असतील तर आजाऱ्याला हवा बाहेर जाते त्या बाजूला झोपवा, बाकीच्यांनी हवा येते त्या बाजूला. डोक्याकडे डोकं येऊ देऊ नका, एकाचे पाय तिकडे दुसऱ्याचं डोकं. रात्री मास्क, निदान आजाऱ्याने, श्वास घ्यायला त्रास नसेल तर. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावायचा नाही.

आणि गच्ची. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं टाकायची आपली जुनी सवय इथे कामी येते. उघड्यावर श्वास पांगून जातो. आजाऱ्याला ताप असेल तर त्याला खालीच राहू द्या आणि बाकीच्यांनी वर झोपा.

मास्क

कापडी मास्क कमी पडतो. एन-९५ घ्या, कानांत अडकवण्याऐवजी डोक्यामागून पट्टे जाणारा असेल तर जास्त चांगला बसतो. लावल्यावर जोरात फुंका, चष्म्यावर वाफ आली किंवा गालापाशी वारा लागला तर वरची पट्टी नाकावर दाबा. दाढीवर तो नीट बसत नाही, याला इलाज वस्तराच. धुवायचा नाही. माणशी तीन-चार ठेवून आलटूनपालटून वापरा, मधल्या दिवसांत कागदी पिशवीत कोरडे होऊ द्या.

बाथरूम एकच असेल तर आजाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करावी. त्याच्यानंतर एक्झॉस्ट किंवा खिडकी वीसेक मिनिटं चालू-उघडी ठेवून मग दुसऱ्याने मास्क लावून जावं. दात घासताना आणि गुळण्या करताना दार बंद.

भांडी, भाज्या, वाफ, कापूर

हे भराभर. भाज्या साबणाने धुण्यात २०२० मध्ये आपण फार शक्ती घालवली. वस्तूला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी असते, असं पुढे स्पष्ट झालं. साबणाने हात धुवा, भांडी नेहमीसारखी घासा, कपडे नेहमीसारखे धुवा. वाफेने बंद नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही, आणि पातेलं कलंडून मुलं भाजतात. कापूर-ओव्याच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढत नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, डॉक्टरांनी दिल्याशिवाय कालच्या पत्त्यातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

काळजी घेणारा एकच

आजाऱ्याच्या खोलीत जाणारा माणूस एकच ठेवा, तरुण, धडधाकट, डोस झालेला. ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं, फोन करायचा, बाजूला व्हायचं. आपल्याकडे हे काम आपसूक आईकडे किंवा सासूबाईंकडे जातं, त्यांनाच बीपी, त्यांनाच शुगर. मुलाने किंवा जावयाने पाच दिवस ताटं उचलली तर काही बिघडत नाही. घरची बाईच आजारी पडली तर आणखी कठीण. ती "थोडंसंच आहे" म्हणत ओट्याशी उभी राहते. तिला ओट्यापासून दूर करणं हेच त्या घराचं विलगीकरण. डबा लावा, किंवा चार दिवस खिचडीवर काढा.

रोजची वही

शाळेच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी लिहा. ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. बोटावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, बोट गार असेल तर चोळून गरम करा, आकडा स्थिर झाल्यावरच लिहा. बसून आकडा चांगला असेल तर सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालवून पुन्हा मोजा, साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरेत. चालल्यावर तीनाहून जास्त अंकांनी घसरला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना फोन करा. बसल्या जागी ९३ किंवा खाली आकडा तासाभरात तीनदा आला, १०० च्या वर ताप तीन दिवसांनंतरही हटला नाही, छातीत दुखलं, माणूस गोंधळून बोलायला लागला, ओठ निळसर दिसले, बाळाने दूध सोडलं, तर वाट पाहू नका. १०८ लावा किंवा मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, जे रुग्णालय जवळ असेल तिथे न्या. वही सोबत घ्या. वय जास्त असेल किंवा जुने आजार असतील तर डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी बोला, कारण विषाणूवरची औषधं सुरुवातीच्या पाच दिवसांतच नीट काम करतात.

वहीच्या मागच्या पानावर बाकी सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे रोज फक्त 'ठीक' किंवा 'घसा' एवढंच. दुसऱ्याच्या नावापुढे 'घसा' आलं की त्याची पहिली संध्याकाळ सुरू. तो मग पहिल्या आजाऱ्याच्या खोलीत जाऊ शकतो, पण तपासणी करून, नुसत्या अंदाजावर नाही. त्याचा घसा खरंच कूलरचा असू शकतो.

किती दिवस

जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या सूचनांनुसार पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसावा. मी दहाव्या दिवसापर्यंत घरात मास्क ठेवायला सांगते, आणि आजीच्या खोलीत त्याआधी जाऊ देत नाही. सातव्या दिवशी रॅपिड अजून गडद पॉझिटिव्ह दिसत असेल तर बाहेर यायची घाई नको. आरटी-पीसीआर मात्र कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे बरं झाल्यावर केवळ निगेटिव्ह कागदासाठी ती करू नका. लाटेच्या दिवसांत दर आठवड्याला कोणीतरी त्यासाठी काउंटरवर येऊन माझ्याशी वाद घालायचं.

खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तो ऐकून शेजारी दार लावून घेतात, पण त्या खोकल्याचा अर्थ माणूस अजून संसर्ग देतोय असा होत नाही. दहा दिवस झाले, ताप गेला, माणूस ताजातवाना वाटतोय, तर खाट जागेवर आणा, चूल परत स्वयंपाकघरात न्या, चादरी गच्चीवर वाळत घाला.